दोनदा तळलेला बटाटा

'फ्रेंच फ्राइज' या नावामुळे हा पदार्थ फ्रान्सचाच, असं आपण धरून चालतो. बेल्जियममध्ये मात्र असं म्हणालात, तर समोरचा हसत हसत वाद घालणार! मूळ कुणाचं, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. पण जीव कुणाचा जास्त, हे ब्रसेल्समध्ये हिंडताना मला लगेच कळलं.

तिथे या फोडींना 'फ्रीत' म्हणतात आणि त्या विकणाऱ्या टपरीला 'फ्रीटकोट'. २०१४ साली देशाच्या उत्तरेकडच्या फ्लांडर्स प्रांतानं या टपऱ्यांच्या संस्कृतीची आपला अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. प्लास जूर्दां या चौकातली 'मेझों आंत्वान' ही टपरी तर १९४८ पासूनची. युरोपीय संघाच्या कचेऱ्या जवळच. त्यामुळे रांगेत कोट-टायवाले साहेब आणि दप्तरवाली पोरं एकामागे एक उभी. कागदी पुडा घेऊन शेजारच्या बारमध्ये खुशाल बसावं. पेय तेवढं त्यांच्याकडचं घ्यायचं.

चवीचं गुपित दोनदा तळण्यात आहे. 'बिंत्ये' या जातीचा बटाटा त्यासाठी नावाजलेला. बोटाएवढ्या जाड फोडी आधी सुमारे १५० अंश सेल्सिअसवर तळतात. त्या आतून शिजतात, पण लाल होत नाहीत. मग निथळून गार करतात आणि गिऱ्हाईक आलं, की १८० अंशांच्या आसपास पुन्हा सोडतात. वरचं पाणी उडून कुरकुरीत कवच धरतं, आत मऊ लुसलुशीत.

मात्र हे तळण परंपरेनं गाई-बैलांच्या चरबीत होतं. मी शाकाहारी. म्हणून पैसे काढण्याआधी मी विचारलं, "कशात तळता?" एका विक्रेत्यानं सरळ सांगितलं, "चरबीत." वर दोन गल्ल्या पलीकडची, वनस्पती तेल वापरणारी टपरीही दाखवली. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडणारा तो माणूस मला फार आवडला. आपल्यापैकी कुणी तिकडे गेलं, तर त्याच तेलात मांसाचे पदार्थ तळतात का, हेही विचारावं. मेयोनेजमध्ये अंडं असतं, हेही ध्यानात असू द्यावं.

त्या दुसऱ्या टपरीवर, रिमझिम पावसात, नुसतं मीठ भुरभुरवलेला पुडा मी उभ्या उभ्या संपवला. बोटं भाजत होती, पण थांबवत नव्हतं. परक्या गावी खाताना आपला नेम मोडायला नको आणि त्यांच्या रीतीला नाकही मुरडायला नको. नीट विचारलं, तर दोन्ही साधतं आणि पोटही भरतं.