आधी गवत मोजा



जूनचा पाऊस पडतो, चार दिवसांत गायरान हिरवं दिसू लागतं आणि उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरं आपण तिथं सोडतो. गवताचा घात होतो तो याच दिवसांत. कोवळा कोंब मुळातल्या साठ्यावर फुटलेला असतो. तो वर येताच पुन्हापुन्हा खुडला गेला, की मूळच खंगतं. मारवेल, पवना ही सकस गवतं आधी संपतात, कारण जनावर तीच आधी शोधतं. मागं कुसळी माजते. फुलोऱ्याआधी कापली तर तीही चारा आहे. नंतर मात्र तिची कुसळं मेंढरांच्या लोकरीत, कातडीत घुसतात.

गायरान किती जनावरं पोसू शकेल, हे मोजता येतं. त्यासाठी बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट, विळा आणि तराजू पुरे. पावसाळा सरताना, न चरलेल्या भागात आठ-दहा ठिकाणी चौकट टाका. आतलं गवत कापा, वाळवा, तोला. चौकटीमागं सरासरी 200 ग्रॅम भरलं, तर हेक्टरी 2,000 किलो झालं. त्यातलं निम्मं बी पडायला आणि माती झाकायला राखा. उरलेल्या 1,000 किलोत, रोज सात किलो वाळला चारा खाणाऱ्या एका गाईचे पाच महिनेही पुरते निघत नाहीत. आता गावातली जनावरं मोजा. हिशेब आपोआप समोर येईल.

मग गायरानाचे चार भाग पाडा. एक भाग पावसाळाभर राखा, दरवर्षी तो बदला. उरलेल्या तिन्ही भागांत जनावरं पाळीपाळीनं चारा आणि गवत चरून चार बोटांवर आलं की कळप हलवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी पाळली, पण गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली. डोंगर हिरवा झाला आणि गोठ्यातलं दूधही वाढलं.

मात्र बंदीचा भार फिरत्या मेंढपाळांवर टाकू नका. दिवाळीनंतर कोकणात उतरून पावसाच्या तोंडाला परतणारे धनगर पिढ्यान्‌पिढ्या कळप हलवत आले आहेत. गवताची त्यांना असलेली पारख आपल्या कामाची आहे.

म्हणून विनंती एवढीच: पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय घ्या, मेंढपाळांना सन्मानानं बोलवा आणि कोणता भाग राखायचा ते सर्वांनी मिळून ठरवा.