आधी आईला बोलतं करा



तीन वर्षं वर्गात आणि एक वर्ष इंटर्नशिपमध्ये घासून तुम्ही इथे, धनकवडीच्या भारती विद्यापीठात, बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारातले पदवीधर, झालात. अभ्यासक्रमाची उद्दिष्टं तुम्हाला पाठ असतील. त्यांतलं एकच आज काढतो, कारण पुण्यात ते फार अवघड जातं: वाचादोष कुठला आणि बोली कुठली, हे ओळखणं.

या शहराला शुद्ध बोलण्याचा अभिमान आहे, आणि दुसऱ्याचं बोलणं सुधारण्याची हौस त्याहून किंचित जास्त. शाळेतून चिठ्ठी येते, ‘मूल बोबडं बोलतं’. मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणतं. तपासणीच्या कागदावर ‘ळ’पुढे फुली मारायला कितीसा वेळ लागतो? पण कुटुंब जळगावकडचं असेल तर थांबा. खानदेशात, वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतोच. तेच चित्र आईला दाखवा. तीही ‘डोया’ म्हणाली, तर मुलाच्या जिभेला काही झालेलं नाही. शाळेला तसं स्वच्छ कळवा. आई ‘डोळा’ म्हणते आणि मूलच ‘डोया’ म्हणतं, तर मग वय बघा, बाकीचे उच्चार तपासा. तसंच, घरच्यांसारखं ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्याकडून थेरपीचे पैसे घेऊ नका.

याच्या उलट चूकही घरोघरी होते. ‘याचा मामाही उशिराच बोलला’ म्हणत मधातून वेखंड चाटवतात आणि वाट बघतात. इथे मात्र भीड धरू नका. आधी कान तपासा. बाळाच्या पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानलेला क्रम आहे. बालवाडीच्या प्रवेशापर्यंत थांबलं, तर भाषा शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ निघून गेलेला असतो.

मोठ्यांचं वेगळं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगतेची व्याख्या आहे; स्वरयंत्र काढलेले आणि वाचाघात झालेले रुग्ण तिथे उदाहरणादाखल नावानिशी येतात. नुसतं अडखळणाऱ्याला ती व्याख्या सहसा लागू होत नाही, पण नोकरीच्या मुलाखतीत त्याला कोण विचारतो कायदा? त्याला अस्खलित करून देण्याचा शब्द देऊ नका. अडखळतही आपलं म्हणणं पुरं करण्याची हिंमत त्याला आली, तरी खूप झालं.

पक्षाघातानंतर मार्केट यार्डातला व्यापारी तुमच्यासमोर बसेल. घरी मारवाडी, गाळ्यावर मराठी, पुरवठादाराशी हिंदी. त्याला परदेशी पुस्तकातली बर्फातली चित्रं कशाला दाखवता? कांद्याचा भाव विचारा, नातवंडांची नावं घ्या. कुठली भाषा आधी परत येते ते घरच्यांना नीट ऐकायला सांगा, आणि उपचार तिथून सुरू करा.

मराठीच्या सगळ्या बोलींना पुरतील अशा चाचण्या आपल्याकडे अजून नाहीत. त्या तुमच्याच नोंदींतून घडतील. तेव्हा केसपेपरवर मातृभाषेपुढे नुसतं ‘मराठी’ लिहून पुढे जाऊ नका. कुठल्या तालुक्याची, आणि घरात आणखी काय बोलतात, तेही लिहा.