दूरच्या दगडांची पारख

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. त्यांपैकी काही मात्र तो पट्टा सोडून आत शिरले आहेत आणि त्यांचे मार्ग पृथ्वीच्या मार्गाजवळ येऊन ठेपले आहेत. १८९८ साली सापडलेला एरॉस हा या पृथ्वीसमीप मंडळींतील पहिला. आज अशा लघुग्रहांची संख्या ३० हजारांच्या वर गेली आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटर व्यासाचा असा एक दगड रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर, उंच आकाशात फुटला. त्या हादऱ्याने खिडक्यांच्या काचा फुटून हजाराहून अधिक माणसे जखमी झाली. असा पाहुणा केवढा आहे आणि कशाचा बनलेला आहे, हे तो येण्यापूर्वी कळणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

परंतु अडचण अशी की, मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक लघुग्रह एखाद्या ठिपक्यासारखेच दिसतात. त्या ठिपक्याचे तेज मोजता येते. मात्र नुसत्या तेजावरून आकार ठरवू गेल्यास फसगत होते. कोळशासारखा काळा दगड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ५ टक्के परत पाठवितो, तर फिकट दगड सुमारे २० टक्के. म्हणून १०० मीटर व्यासाचा फिकट दगड आणि २०० मीटर व्यासाचा काळा दगड सारख्याच अंतरावरून सारखेच तेजस्वी दिसतात. व्यास दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट! ही संदिग्धता कमी करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे दगडाचा रंग पाहणे.

सोनार कसोटीवर सोने घासतो आणि उमटलेल्या रेघेच्या रंगावरून कस सांगतो. ज्योतिर्विदाला त्याचा दगड हाती घेता येत नाही. तो दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढे हिरवी, तांबडी, अवरक्त अशा गाळण्या पाळीपाळीने बसवितो आणि प्रत्येकीतून किती प्रकाश आला ते मोजतो. हा प्रकाश मुळात सूर्याचा असतो. म्हणून सूर्यासारख्या ताऱ्याची मापेही त्याच गाळण्यांतून घेऊन सूर्याच्या रंगाचा वाटा वगळावा लागतो. उरतो तो दगडाचा स्वतःचा रंग. शिवाय हे दगड वेडेवाकडे असून स्वतःभोवती फिरत असतात, त्यामुळे त्यांचे तेज घटकेघटकेला बदलते. हा बदल रंगाचा समजला जाऊ नये, म्हणून निरीक्षक मधूनमधून एकाच ठरावीक गाळणीकडे परत येतो.

१९७५ साली चॅपमन, मॉरिसन व झेलनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी लघुग्रहांचे मुख्य वर्ग मांडले. 'सी' वर्गातील लघुग्रह काळपट, कार्बनयुक्त. त्यांना ठळक असा रंगच नाही. 'एस' वर्गातील दगड तांबूस. त्यांतील ऑलिव्हीन व पायरॉक्झीन ही खनिजे अवरक्त प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात, आणि त्या गाळणीतून त्यांचे तेज घटलेले दिसते. पुढे १९८४ मध्ये थोलन यांनी आठ गाळण्यांच्या मापांवरून ही वर्गवारी अधिक बारीक केली. तथापि काही वर्ग असेही आहेत की त्यांचे रंग सारखे, पण एक उजळ, दुसरा काळाकुट्ट. तेथे दगडाची उष्णता मोजल्यावाचून निर्णय होत नाही.

रंगाची ही साक्ष कितपत खरी? तिची परीक्षा दोनदा चांगली झाली. 'एस' वर्गाचे लघुग्रह पृथ्वीवर नेहमी पडणाऱ्या अशनींहून अधिक तांबूस का, हे कोडे फार दिवसांचे होते. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या लघुग्रहाची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली, तेव्हा कळले की दगड तेच. अवकाशातील माऱ्याने त्यांचा वरचा थर तेवढा बदललेला. दुसरी गोष्ट ६ ऑक्टोबर २००८ ची. अमेरिकेतील ॲरिझोना येथून सुमारे ४ मीटर व्यासाचा एक दगड दिसला आणि दिवसही उलटला नाही तोच तो सुदानच्या वाळवंटावर येऊन फुटला. तेवढ्या अवधीत ला पाल्मा बेटावरील दुर्बिणीने त्याचा वर्णपट टिपला होता. तो जवळजवळ रंगहीन होता. पुढे खार्टुम विद्यापीठाचे विद्यार्थी व अध्यापक रांग धरून वाळू तुडवीत गेले आणि त्यांना काळे तुकडे सापडले. तपासणीत ते बहुतांशी युरेलाइट नावाच्या विरळ जातीचे निघाले, आणि त्यांत इतर जातींचे दगडही मिसळलेले होते.

तात्पर्य, रंग हा पहिला साक्षीदार आहे, अखेरचा न्यायाधीश नव्हे. पण नव्याने सापडलेला लहानसा लघुग्रह थोड्याच रात्रींत मंद होऊन दिसेनासा होतो. वर्णपट घेण्याइतका प्रकाश त्याच्याकडून पुष्कळदा मिळतच नाही. दोनचार गाळण्यांपुरता मात्र मिळतो. म्हणून त्या मोजक्या रात्री वाया जाऊ न देणे, हेच या कामातील खरे कर्तव्य होय. एखादा दगड खरोखरच आपल्या वाटेवर आला, तर त्याला वळवावे कसे याचा विचार तो कशाचा आहे या प्रश्नापासूनच सुरू करावा लागेल. आणि त्या वेळी वहीत टिपून ठेवलेले ते दोनचार आकडे अमोल ठरतील.