समुद्रात पोहणाऱ्याचा गॉगल : काच कोणत्या रंगाची घ्यावी?

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. परंतु मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, मुंबई बंदरात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 5 किलोमीटरचे अंतर मुले पोहून जातात, आणि आपल्यातील मुलेही आता तलाव सोडून समुद्रात उतरू लागली आहेत. ज्या घरांत आजोबा-पणजोबा जहाजावर नोकरीला होते, त्यांना समुद्राची ओळख नवी नाही. गॉगलची मात्र नवी आहे. दुकानात मुलगा निळी चकचकीत काच मागतो. वडील म्हणतात, "सर्वांत काळी द्या, डोळ्यांना ऊन लागायला नको." माझ्या मते दोघांचीही निवड चुकते. ती का, एवढेच मी सांगणार आहे.

प्रथम गॉगल कशासाठी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. हवेतून डोळ्यात शिरणारा प्रकाश पारपटलावर चांगलाच वळतो, म्हणून आपल्याला स्पष्ट दिसते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आणि पारपटलाचा सुमारे 1.38. दोन्ही इतके जवळ की पाण्यात प्रकाश फारसा वळत नाही आणि सारे अंधुक दिसते. गॉगल डोळ्यापुढे थोडी हवा कोंडून ठेवतो, एवढेच त्याचे मूळ काम. 1926 साली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली महिला गर्ट्रूड एडरली हिने आपल्या गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. ऑलिंपिकमध्ये गॉगलला परवानगी मिळायला मात्र 1976 साल उजाडले.

आता रंगाकडे वळू. उन्हात डोळ्यांना त्रास देणाऱ्या गोष्टी दोन आहेत : चकाकी आणि अतिनील किरण. आपण त्या एकच समजतो. सारा घोटाळा तिथे होतो.

चकाकीचा हिशेब पाहा. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परावर्तित करते. तोच सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर असेल, तर सुमारे 35 टक्के. म्हणजे पाण्यावरून डोळे दिपतात ते भर दुपारी नव्हे, तर सकाळी आणि सायंकाळी. आपला किनारा पश्चिमाभिमुख. सकाळी आत पोहत जाताना सूर्य पाठीशी असतो आणि मुलाला वाटते, सारे ठीक आहे. बोयाला वळसा घालून तो परत फिरला की हिवाळ्यातला आग्नेयेकडचा सूर्य समोर येतो आणि त्याच्याखाली पाण्यावर चांदीसारखा पट्टा पसरतो. पुढचा बोया पुष्कळदा त्याच पट्ट्यात असतो, आणि मदतीची होडीही. मान वर काढून पाहायला पोहणाऱ्याला एखादा सेकंद मिळतो. तेवढ्यात खूण दिसली नाही तर मूल भलतीकडे वाहवते, जास्तीचे अंतर कापून दमते, आणि दमल्यावर घाबरते. पालकहो, गॉगलची निवड या सेकंदासाठी करायची आहे.

अतिनील किरणांचे वेळापत्रक याच्या उलट. ते दुपारी प्रखर असतात आणि ढगाळ दिवशीही पोचतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही त्यांची तीव्रता पृष्ठभागाच्या 40 टक्के असते. त्यांना अडवण्याचे काम काचेचा रंग करीत नाही. आपण सवयीने 'काच' म्हणतो ती बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, आणि हे प्लॅस्टिक बिनरंगी असले तरी बहुतेक अतिनील किरण अडवते. उलट हलक्या प्रतीची काळी काच धोक्याची. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण अधिकच आत शिरतात. म्हणून पाकिटावर 'यूव्ही 400' लिहिलेले आहे का, ते वाचा. 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, असा त्याचा अर्थ.

स्वच्छ उन्हासाठी माझे मत धुरकट करड्या काचेला, दुकानदार जिला 'स्मोक' म्हणतात. ती सगळे रंग सारख्याच प्रमाणात मंद करते, त्यामुळे नारिंगी बोया नारिंगीच दिसतो. तपकिरी काच निळा प्रकाश गाळते. धुके किंवा विरळ ढग असले की तीतून वस्तूंच्या कडा अधिक ठळक दिसतात. निळी काच दिसायला देखणी खरी, पण ती नारिंगी-तांबडा प्रकाशच कमी करते. निळ्या समुद्रावर जो रंग उठून दिसावा म्हणून बोयाला दिला, तोच मग काळपटतो. तिने तलावात खुशाल पोहावे. पिवळी आणि बिनरंगी काच पहाटेसाठी व अंधाऱ्या दिवसासाठी.

आरशासारखी चमकणारी काच काही प्रकाश बाहेरच परतवते, पण खालचा मूळ रंग कोणता हे पाहूनच ती घ्यावी. तो थर बोटाने पुसला की ओरखडे पडतात. ध्रुवक म्हणजे पोलराइज्ड काच खरोखर उपयोगी. सूर्य क्षितिजापासून 37 अंशांच्या आसपास असताना पाण्यावरून येणारी चकाकी जवळजवळ पूर्णपणे आडव्या प्रतलात कंप पावते आणि ही काच नेमकी तीच अडवते. मात्र श्वासासाठी मान कुशीवर वळली की काचही वळते आणि हा गुण बराच कमी होतो. समोर पाहताना तो पुन्हा मिळतो. परवडत असेल तर घ्यावी, नाहीतर साधी धुरकट पुरेशी आहे. कोणत्याही काचेतून थेट सूर्याकडे पाहू नये.

आणखी एक. ज्या मुलाला किंवा मुलीला लांबचे दिसण्यासाठी चष्मा आहे, त्यांना कोणत्याही रंगाने बोया दिसणार नाही. नंबरचे गॉगल मिळतात. मुलीच्या चष्म्याची वाच्यता नको म्हणून ते टाळणारे पालक मी पाहिले आहेत.

टेबलावर करडा, तपकिरी, निळा आणि पिवळा असे चार गॉगल ठेवले आहेत आणि मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाला नारिंगी कापड बांधले आहे. ऊन अजून आहे. विद्यार्थ्यांनी एकेक करून लावून पाहावेत, आणि पालकांनीही.