फुंकणी हाती येईपर्यंत

शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या बसगाड्या लोणावळ्यात येऊन थांबतात. दोन दिवस हॉटेलच्या सभागृहात व्याख्यानं, हिरवळीवर सांघिक खेळ, आणि परतताना प्रत्येकाच्या हातात चिक्कीचा पुडा. या सहलींना माझी हरकत नाही. एकमेकांशी मोकळेपणानं बोलणारी माणसं कामातही एकमेकांना सांभाळून घेतात. पण हा खर्च प्रशिक्षणाच्या नावे पडतो आणि वर्षभराची तरतूद तिथेच संपते, हे मला पटत नाही. प्रशिक्षण निवडताना एवढंच पाहावं, की माणसाला काल न येणारं कोणतं काम उद्या येईल?

याचं उत्तर लोणावळ्याच्याच मावळ तालुक्यात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. परदेशात हे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. हा कारखाना शाळाही होता, आणि ती शाळा भट्टीपाशी भरे. फुंकणीच्या टोकावर घेतलेला काचेचा तापलेला गोळा सतत फिरवत राहावं लागतं. हात क्षणभर थांबला की गोळा एका बाजूला ओघळतो. फुंक किती आणि केव्हा घालायची, हे फळ्यावर लिहून कळत नाही. शेजारी जाणता कारागीर हवा, आणि बिघडलेला माल सोसणारा मालक हवा.

यावर मालक म्हणतात, शिकवलेला माणूस दुसरीकडे जातो. जातो, खरं आहे. पैसा फंडाला तर देशभर कारागीर पसरायलाच हवे होते. खासगी कारखान्याचा हिशेब वेगळा, हे मान्य. पण शिकूनही जुनंच काम आणि जुनाच पगार मिळाला, तर माणूस का थांबेल? आणि न शिकवता थांबलेल्याचाही खर्च असतोच: फुकट गेलेला माल, बाहेरचा मेकॅनिक येईपर्यंत बंद पडलेलं मशीन. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. त्यांना झाडलोटीला न जुंपता जाणत्या कामगाराशेजारी उभं करावं, आणि शिकवण्याचे तास त्या कामगाराच्या पाळीत धरावेत.

म्हणून पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाची यादी करण्याआधी अधिकाऱ्यांनी पाळीवरच्या माणसाला विचारावं: कोणतं मशीन बंद पडलं की तुम्हाला बाहेरच्याची वाट पाहावी लागते? यादीत पहिलं नाव त्या मशीनचं असावं.