ठळक, गोलाकार अक्षरांचा स्वभाव

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, खापरखेडा म्हणून गांव आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राची क्षमता १,३४० मेगावॉट असून आसमंतांत कोळशाच्या खाणी आहेत. अशा ठिकाणीं पाटीवरील अक्षर ही केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. 'बंद' हा शब्द धुळींतून व अंधुक उजेडांत, दुरून वाचतां आला पाहिजे. 'ब' च्या पोटांतील तिरकी रेघ बुजली तर 'ब' कोणता आणि 'व' कोणता हें कळणार कसें? 'भार' आणि 'मार' यांतील अंतरहि एका गांठीपुरतेंच आहे.

अक्षर दुरून दिसावें म्हणून तें ठळक करावयाचें, हा साधा विचार झाला. परंतु रेघ जाड झाली कीं ती प्रथम अक्षराच्या आंतील पोकळी गिळते. रोमन लिपींत अक्षराच्या टोकांना लहान आडव्या रेघा असत. त्या टाकून केलेला पहिला छापील खिळा लंडनमध्यें कॅस्लन यानें १८१६ सालीं दाखविला. देवनागरीस तशा टोकरेघा नव्हत्याच. तिची जाडी-बारकी आली ती बोरूच्या तिरक्या कापांतून. १८३१ सालीं गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर पंचांग काढलें, पुढें १८६९ मध्यें जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला. तरी बोरूचें वळण सुटलें नाहीं. म्हणून आपल्याकडे एकसारख्या जाडीचें अक्षर काढणें म्हणजे बोरूचाच निरोप घेणें होय.

त्यांत वर मात्रा-वेलांटी, खालीं उकार आणि मध्यें जोडाक्षरें! कसबी कारागीर यावर एक युक्ति योजितो. दोन रेघा जेथें मिळतात तेथें तो एक रेघ हळूच बारीक करितो. डोळ्यास मात्र जाडी सारखीच भासते.

या जातीचें उत्तम उदाहरण मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचें 'बालू' होय. ऐकतांच किप्लिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक' मधील अस्वल आठवतें. त्या कथांतील शिवनीचे डोंगर नागपूर-जबलपूर वाटेवरचेच. हें अक्षर कोणासहि विनामूल्य वापरतां येतें. देवनागरींत तें नुसतें 'बालू', गुजरातींत 'बालू भाई', बंगालींत 'बालू दा', तमिळांत 'बालू तंबी', मलयाळींत 'बालू चेट्टन', गुरुमुखींत 'बालू पाजी'! प्रत्येक लिपीचें वळण निराळें, परंतु अंगलट एकाच घराण्याची.

ज्याचा स्वभाव प्रेमळ, त्यास कामहि तसेंच द्यावें. मुलांच्या पुस्तकाचें मुखपृष्ठ, बालवाडीची पाटी, मिठाईचा डबा, जत्रेचें निमंत्रण, येथें तें शोभून दिसतें. पानभर मजकूर मात्र त्यांत जुळवूं नये. सर्वच शब्द मोठ्यानें बोलूं लागले तर ऐकावें कोणाचें? आणि धोक्याच्या पाटीवर जाडी हवी, मोकळी पोकळी हवी. पण हंसरेपणा नको. 'सावधान' हा शब्द गोड दिसला तर वाचणारा क्षणभर बेसावध होतो, आणि यंत्रापुढें क्षण थोडा नसतो.

श्रोत्यांनीं उद्यां घराबाहेर पडतांना पहिल्या चार पाट्या लक्षपूर्वक पाहाव्या. शब्द कोणता, हें तर कळेलच. तो कोणत्या आवाजांत बोलतो, तेंहि ऐकूं येईल.