वीजफलकावरील पडलेली कळ

पावसाळ्यात भिंतींना ओल धरली, की एखाद्या सदनिकेतील दिवे अकस्मात मालवतात आणि यजमान खुर्चीवर चढून वीजफलकावरील पडलेली कळ पुन्हा पुन्हा वर ढकलू लागतात. वास्तविक ती आपले कर्तव्य बजावूनच पडलेली असते.

फलकावर बहुधा दोन जातींच्या कळा असतात. प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागताच एमसीबी मंडल तोडते व तारांचे रक्षण करते; माणसाच्या रक्षणाची तजवीज मात्र आरसीसीबीकडे असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलवाटे पुरता परत आला की नाही, याचा हिशेब ती चोख कारकुनाप्रमाणे अहोरात्र ठेवते, आणि घरगुती वापरात सामान्यतः 30 मिलिअँपिअरची तूट पडण्यापूर्वीच पुरवठा खंडित करते. ती वारंवार पडत असेल, तर सर्व उपकरणांचे प्लग काढून (नुसते बटण बंद करणे पुरेसे नव्हे, कारण त्याने न्यूट्रल तुटत नाही) ती वर करावी व एकेक उपकरण जोडून पाहावे. स्नानगृहातील गिझर हा अशा प्रकरणी नेहमीचा संशयित. सर्व प्लग काढूनही कळ टिकत नसेल, तर दोष भिंतीतील तारांत असण्याचा संभव धरून परवानाधारक तंत्रज्ञास पाचारण करावे.

कोणी विजेला चिकटला असेल, तर त्यास स्पर्श न करता प्रथम मुख्य कळ बंद करावी. अनेक इमारतींत ती तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत कुलूपबंद असते. किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, याची चौकशी आजच पहारेकऱ्याकडे करावी.